हायड्रोजन बॉन्ड एवढा वीक असतो तर डीएनए सुटून का जात नाही?

रानफूल_११वी

नमस्कार. मी अकरावी सायन्सला आहे, चंद्रपूर जिल्ह्यात. सध्या केमिस्ट्रीत बॉन्डिंग आणि बायोत बायोमॉलिक्यूल्स एकदमच चालू आहे आणि दोन्ही वह्या शेजारी ठेवून वाचलं की माझा गोंधळ होतोय.

केमिस्ट्रीत सांगितलं कोव्हॅलंट बॉन्ड मजबूत आणि हायड्रोजन बॉन्ड त्याच्यापुढे काहीच नाही, पटकन तुटतो. बायोच्या तासाला सांगितलं की डीएनएचे दोन स्ट्रँड हायड्रोजन बॉन्डनेच एकमेकांना धरून असतात, ए-टी या बेसच्या (म्हणजे डीएनएच्या अक्षरांच्या) जोडीत दोन आणि जी-सी मध्ये तीन. मग ज्याच्यावर आईबाबांकडून मुलांकडे जाणारं सगळं लिहिलेलं असतं तेच एवढ्या कमजोर बॉन्डवर का सोडलंय? आपल्या अंगात कायम ३७ डिग्री असतं, ताप आला तर ४० होतं, तरी ते सुटून का जात नाही?

दुसरा प्रश्न एटीपीचा, म्हणजे पेशी ऊर्जेसाठी वापरते त्या रेणूचा. बायोच्या वहीत लिहिलंय की एटीपीमधला बॉन्ड तुटला की ऊर्जा मिळते. केमिस्ट्रीच्या वहीत लिहिलंय की बॉन्ड तोडायला ऊर्जा द्यावी लागते आणि बनताना ती बाहेर पडते. दोन्ही एकाच वेळी खरं कसं असेल? क्लासमध्ये विचारलं तर परीक्षेत पुस्तकातलं लिहायचं एवढंच उत्तर मिळालं. व्हिडिओ बघितले पण ते इंग्लिशमध्ये भराभर बोलतात. कोणी मराठीत नीट सांगेल का प्लीज, नुसतं पाठ करायचं नाहीये मला.


पीसीआर_ताई

रानफूल, मी मॉलिक्यूलर बायोलॉजीच्या लॅबमध्ये काम करते, डीएनएचे स्ट्रँड सोडवणं आणि परत जोडणं हेच दिवसभर चालू असतं, त्यामुळे पहिल्या प्रश्नाचं मी सांगते, एटीपीचं कोणीतरी केमिस्ट्रीवालं सांगेल.

आधी आकडे बघ म्हणजे मजबूत आणि वीक म्हणजे किती ते कळेल. कार्बन-कार्बन साधा कोव्हॅलंट बॉन्ड तोडायला मोलमागे साधारण ३५० किलोज्यूल लागतात. पाण्यातला हायड्रोजन बॉन्ड साधारण २०. आणि ३७ डिग्रीला रेणूंची जी सतत धक्काबुक्की चालू असते तिची ऊर्जा मोलमागे अडीच किलोज्यूलच्या आसपास. म्हणजे कोव्हॅलंट बॉन्ड या धक्क्यांच्या जवळजवळ दीडशेपट मजबूत, तो असाच बसल्याबसल्या तुटत नाही. हायड्रोजन बॉन्ड मात्र आठपट वगैरेच, म्हणून तो सारखा तुटतो आणि परत होतो. साध्या पाण्यात एक हायड्रोजन बॉन्ड सेकंदाच्या लाख कोटीव्या भागाएवढाच टिकतो. तुझी शंका अगदी बरोबर आहे, एकटा हायड्रोजन बॉन्ड डीएनएला धरून ठेवूच शकत नाही.

पण तो एकटा नसतो. पावसाळ्यानंतर माळावरून चालून आलं की पँटीला कुसळं चिकटतात बघ, एक कुसळ दोन बोटांनी सहज निघतं पण पायभर चिकटलेली असली तर सगळी एकदम झटकून निघत नाहीत, तसं आहे हे. एक जोडी क्षणभर उघडते, पण तिच्या दोन्ही बाजूच्या जोड्या तेव्हा बंद असतात म्हणून बेस लांब जाऊच शकत नाही, जागच्या जागी परत बसतो. हे खरंच होत असतं, डीएनएच्या जोड्या मधूनमधून अशा उघडमिट करत असतात, टोकांना जरा जास्त. चार-पाच बेसचा तुकडा ३७ डिग्रीला चिकटून राहत नाही, पण आम्ही लॅबमध्ये वीसेक बेसचा प्रायमर (डीएनएचा छोटा तुकडा) वापरतो तो ५५-६० डिग्रीलाही व्यवस्थित बसतो. आणि माणसाच्या जीनोममध्ये ३०० कोटी जोड्या आहेत.

अजून एक गोष्ट आहे जी पुस्तकात एका ओळीत उरकतात आणि खरं तर ती फार मोठी आहे. डीएनए टिकवायचं काम एकट्या हायड्रोजन बॉन्डचं नाहीच. बेस चपटे असतात आणि एकावर एक रचलेले असतात, त्या रचण्याला स्टॅकिंग म्हणतात, आणि दोन स्ट्रँड एकत्र राहण्यात त्याचा वाटा खूप मोठा आहे. विचार कर, बेस सुटा झाला तरी आजूबाजूला पाणी आहेच, तो पाण्याशी हायड्रोजन बॉन्ड करेल, म्हणजे जोडीत बसून हायड्रोजन बॉन्डचा निव्वळ फायदा तसा थोडाच होतो. चपट्या बेसना पाण्यापासून लपून एकमेकांवर बसणं परवडतं, तिथून बराचसा टिकाऊपणा येतो. मग हायड्रोजन बॉन्ड कशाला? तर कोण कोणासमोर बसणार हे ठरवायला. ए समोर टी बसला तर बॉन्डच्या जागा जुळतात, ए समोर सी आला तर नीट जुळत नाहीत. माहिती बरोबर कॉपी होते ती त्यामुळे.

आता "एवढ्या कमजोर बॉन्डवर का सोडलंय" याचं उत्तर. नीट बघ, माहिती ज्या क्रमात लिहिलेली आहे तो क्रम कमजोर बॉन्डवर सोडलेलाच नाही. प्रत्येक स्ट्रँडचा स्वतःचा कणा साखर आणि फॉस्फेटचा असतो आणि तो पूर्ण कोव्हॅलंट असतो. दहा लाख वर्षांहून जुन्या मॅमथच्या दातातून डीएनए वाचलाय लोकांनी, तुकडे झालेला होता पण अक्षरांचा क्रम मिळाला. कमजोर बॉन्ड आहेत ते फक्त दोन स्ट्रँडच्या मध्ये, आणि ती जागा उघडावीच लागते! पेशी विभागताना कॉपी करायची तर उघडा, प्रोटीन बनवायचं तर तेवढा जीन उघडा. तिथे कोव्हॅलंट बॉन्ड असते तर दरवेळी शेकडो किलोज्यूल ओतावे लागले असते आणि त्या भानगडीत कणाही तुटला असता. आता हेलिकेज नावाचं एन्झाइम थोडंसं एटीपी खर्च करून भराभर उघडत जातं.

आमच्या लॅबमध्ये हे रोज डोळ्यासमोर असतं. पीसीआर मशीन, म्हणजे डीएनएच्या कॉप्या काढणारं मशीन, आधी ९५ डिग्रीला नेतं, अर्ध्या मिनिटात दोन्ही स्ट्रँड वेगळे होतात, कण्याचं काहीही बिघडत नाही. मग ५५-६० ला प्रायमर बसतो, ७२ ला एन्झाइम नवीन स्ट्रँड बनवतं, की परत ९५. अशा ३० फेऱ्या झाल्या की एका तुकड्याचे हिशोबाने १०० कोटींवर तुकडे. कोविडमध्ये सगळ्यांच्या नाकातले स्वॅब याच मशीनमध्ये जात होते. फक्त एक अडचण होती, ९५ डिग्रीला साधं एन्झाइम शिजून जातं, त्यामुळे सुरुवातीला लोक प्रत्येक फेरीला नवीन एन्झाइम घालायचे. मग अमेरिकेतल्या यलोस्टोनच्या गरम झऱ्यात राहणाऱ्या थर्मस ॲक्वाटिकस नावाच्या बॅक्टेरियाचं एन्झाइम वापरायला लागले. तो बॅक्टेरिया १९६९ पासून माहीत होता, पीसीआरची कल्पना १९८३ मध्ये कॅरी मुलिसला सुचली, आणि १९९३ मध्ये त्याला नोबेल मिळालं.


दही_ताक_लोणी

ताईंनी "एन्झाइम शिजून जातं" म्हटलं तिथून पुढे मी लिहितो, मी डेअरी टेक्नॉलॉजी केलंय आणि आमचा सगळा धंदाच प्रोटीनचे कमजोर बॉन्ड सुटण्यावर चालतो.

प्रोटीन म्हणजे अमिनो ॲसिडची साखळी, साखळीतला प्रत्येक दुवा पेप्टाइड बॉन्ड, तो कोव्हॅलंट. पण साखळी नुसती लांब पडून राहिली तर तिचा काही उपयोग नाही, ती ठरलेल्या घडीत बसली तरच काम करते, आणि ती घडी धरून असतात हायड्रोजन बॉन्ड, प्लस-मायनस चार्जची ओढ, आणि तेलकट स्वभावाच्या अमिनो ॲसिडचं पाण्यापासून आत लपून बसणं. अंडं उकडलं की पांढरं घट्ट होतं ना, साठ-बासष्ट डिग्रीच्या पुढे त्यातली प्रोटीन उलगडायला लागतात, आतला तेलकट भाग बाहेर येतो, मग एका साखळीचा तो भाग शेजारच्या साखळीला चिकटतो आणि सगळ्याचं जाळं होतं. पेप्टाइड बॉन्ड मात्र जवळजवळ सगळे जसेच्या तसे. उकडलेल्या अंड्यात साखळ्या त्याच आहेत, फक्त घडी गेली.

आणि घडी परत येऊ शकते का? योग्य परिस्थिती दिली तर येते. ख्रिश्चन अॅन्फिन्सनने रायबोन्युक्लिएज नावाचं एन्झाइम युरिया घालून पूर्ण उलगडलं, सल्फरचे बॉन्डही तोडले, आणि मग ती रसायनं हळूहळू काढून घेतली तर साखळी आपली आपण परत घडीत बसली आणि काम करायला लागली. म्हणजे घडीची सगळी माहिती अमिनो ॲसिडच्या क्रमातच असते. १९७२ चं नोबेल त्या कामाला आहे. उकडलेल्या अंड्यात ते आपोआप होत नाही कारण साखळ्या एकमेकांत गुंतून बसलेल्या असतात.

आता दुधाचं सांगतो. दुधातलं केसीन नावाचं प्रोटीन बारीक गोळ्यांच्या रूपात तरंगत असतं, त्या गोळ्यांवर निगेटिव्ह चार्ज असतो म्हणून ते एकमेकांना लांब ठेवतात. विरजण लावलं की बॅक्टेरिया लॅक्टिक ॲसिड करतात, पीएच ४.६ च्या जवळ आला की चार्ज संपतो आणि गोळे एकमेकांना धरतात, दही लागतं. पनीरला तेच आपण लिंबू पिळून पटकन करतो. घरी दही लावायच्या आधी दूध चांगलं तापवतात, त्यालाही कारण आहे. सत्तर डिग्रीच्या पुढे दुधातलं दुसरं एक प्रोटीन उलगडतं, त्यातलं आत लपलेलं सल्फर उघडं पडतं आणि ते केसीनच्या गोळ्याला कोव्हॅलंट बॉन्डने जाऊन चिकटतं. त्यामुळे दही घट्ट लागतं आणि पाणी कमी सुटतं. न तापवलेल्या दुधाचं दही लावून बघा, पातळ होतं. एका भांड्यात दोन्ही प्रकारचे बॉन्ड कामाला लागलेले असतात.


रानफूल_११वी

ताई आणि दादा दोघांचे खूप आभार, स्टॅकिंगचं तर मला माहीतच नव्हतं. पण आता नवीन शंका आली. पेप्टाइड बॉन्ड उकळूनही तुटत नाही म्हणता, मग ३७ डिग्रीला पोटात अंडं पचतं कसं?


दही_ताक_लोणी

एन्झाइममुळे, आणि त्याशिवाय अजिबात नाही. साध्या पाण्यात ठेवलेला पेप्टाइड बॉन्ड आपोआप तुटायला शेकडो वर्षं जातात. लॅबमध्ये प्रोटीनचे सुटे अमिनो ॲसिड करायचे असतील तर कडक हायड्रोक्लोरिक ॲसिडमध्ये ११० डिग्रीला २४ तास बंद नळीत ठेवतात. तेच काम पोटात पेप्सिन आणि आतड्यात ट्रिप्सिन काही तासात करतं. एन्झाइम वेगळी ऊर्जा ओतत नाही, तो रस्ता सोपा करतो, बॉन्डला नेमक्या जागी नेमक्या कोनात धरतो आणि पाण्याचा रेणू तिथे नेऊन देतो. आणि तुझ्या मूळ प्रश्नाशी जोडायचं तर एन्झाइम त्या साखळीला धरतो ते कमजोर बॉन्डनेच, कारण काम झाल्यावर सोडायचं पण असतं. अन्न शिजवलं की प्रोटीन उलगडतं आणि एन्झाइमला आत शिरायला जागा मिळते, म्हणून उकडलेलं अंडं कच्च्यापेक्षा चांगलं पचतं.


पार्लरवाली

मी सायन्सची नाही, बारावीनंतर ब्युटीशियनचा कोर्स केला, पण हे सल्फरचं वाचून लिहावंसं वाटलं कारण आमच्या ट्रेनिंगमध्ये हेच शिकवलं होतं. केस म्हणजे केराटिन प्रोटीन. केस ओले करून ब्लो ड्राय केले किंवा इस्त्री मारली की सरळ होतात, ते हायड्रोजन बॉन्डचं काम, पाणी लागलं किंवा दमट हवा आली की परत आपल्या वळणावर. मुंबईत पावसाळ्यात सकाळी केलेले केस दुपारपर्यंत टिकत नाहीत ते त्यामुळे. पर्मनंट स्ट्रेटनिंगला मात्र दोन वेगळी क्रीम असतात. पहिल्या क्रीमला सल्फरचा उग्र वास येतो, ती केराटिनमधले सल्फर-सल्फर बॉन्ड तोडते. मग धुवून, वाळवून, इस्त्रीने केस सरळ बसवायचे आणि दुसरं न्यूट्रलायझर लावायचं, त्यात हायड्रोजन पेरॉक्साइड असतं, त्याने बॉन्ड नवीन जागी परत जोडले जातात. न्यूट्रलायझरला घाई केली की अर्धे बॉन्ड उघडेच राहतात आणि केस मधून तुटायला लागतात, त्यामुळे गिऱ्हाईक कितीही गडबडीत असलं तरी ती वेळ कमी करू नये. मुळाशी नवीन केस येतो तो पूर्वीसारखाच कुरळा, कारण तो बनवणारा जीन तोच आहे.

मुलींनो एक मनापासून सांगते, काही केराटिन ट्रीटमेंटमध्ये गरम केल्यावर फॉर्मल्डिहाइड सुटतो, डोळे चुरचुरले तर तिथेच थांबवायला सांगा आणि खिडकी उघडी ठेवायला सांगा.


कपाशी_यवतमाळ

सगळे कमजोर बॉन्डचं कौतुक करताहेत तर थोडं कोव्हॅलंटकडूनही. आमच्या शेतातला कापूस आणि घरातला भात, दोन्ही ग्लुकोजच्याच साखळ्या. दोन्हीत एका ग्लुकोजचा पहिला कार्बन दुसऱ्याच्या चौथ्या कार्बनला ऑक्सिजनने जोडलेला. फरक एवढाच की तो बॉन्ड पहिल्या कार्बनवर कोणत्या दिशेने निघतो. स्टार्चमध्ये अल्फा, सेल्युलोजमध्ये बीटा. अल्फामुळे साखळीला वळण पडतं, ती सैल गुंडाळी होते, पाणी आत शिरतं, शिजते, आपल्या लाळेतलं अमायलेज तिला कापतं. बीटामुळे साखळी सरळसोट राहते, मग शेजारशेजारच्या साखळ्या हायड्रोजन बॉन्डने अशा घट्ट बसतात की त्याचा धागा होतो आणि तो उकळत्या पाण्यात धुतला तरी विरघळत नाही. माणसाकडे सेल्युलोजचा हा बीटा बॉन्ड कापणारं एन्झाइमच नाही. गाईकडेही स्वतःचं नाही, तिच्या पोटातले सूक्ष्मजीव ते काम करतात म्हणून ती कडबा खाऊन दूध देते. एका बॉन्डची दिशा बदलली तर जेवण आणि कापड एवढा फरक पडतो, मला तर हे शिकवताना दरवर्षी तेवढंच भारी वाटतं.


आरोग्य_सेविका_गडचिरोली

रानफूल तू चंद्रपूरची म्हणून मुद्दाम लिहिते. आपल्या भागात सिकलसेल आहे, गडचिरोली, चंद्रपूर, मेळघाट, नंदुरबार सगळीकडे पेशंट आहेत, आणि तू जे विचारते आहेस ना बॉन्डचं तेच या आजाराचं मूळ आहे. मी लॅब टेक्निशियनच्या सोबत कॅम्पला असते, जे डॉक्टरांकडून आणि ट्रेनिंगमध्ये शिकले ते सांगते.

हिमोग्लोबिनमध्ये चार साखळ्या, दोन अल्फा दोन बीटा (हे नुसतं साखळ्यांचं नाव, वरच्या कापूस-भाताशी याचा संबंध नाही). बीटा साखळीत १४६ अमिनो ॲसिड असतात. सिकलमध्ये त्यातलं फक्त सहावं बदललेलं असतं, ग्लुटामिक ॲसिडच्या जागी व्हॅलीन. ग्लुटामिकवर निगेटिव्ह चार्ज असतो, त्याला पाणी आवडतं. व्हॅलीन तेलकट स्वभावाचं, त्याला पाणी नको. एवढा एक बदल, साखळीतले कोव्हॅलंट बॉन्ड जिथल्या तिथे, कुठे काही तुटलेलं नाही. फुप्फुसातून निघताना ऑक्सिजन घेतलेला असतो तोपर्यंत सगळं ठीक. ऑक्सिजन सोडला की हिमोग्लोबिनचा आकार थोडा बदलतो, शेजारच्या रेणूवर एक तेलकट खाच उघडी होते आणि हे व्हॅलीन त्या खाचेत जाऊन बसतं. तो दुसऱ्याला चिकटतो, दुसरा तिसऱ्याला, आणि लांब कडक दोऱ्या तयार होतात. एका लाल पेशीत साधारण २७ कोटी हिमोग्लोबिन असतात, तर त्या दोऱ्यांनी पेशीच ताणली जाऊन विळ्यासारखी होते, बारीक रक्तवाहिनीत अडकते, आणि पेशंटला जे दुखतं ते बघवत नाही. चांगली लाल पेशी १२० दिवस जगते, ही दहा-वीस दिवस, म्हणून अंगात रक्त कायम कमी.

यात तुझ्या प्रश्नातली गोष्ट बघ, ऑक्सिजन मिळाला की ते कमजोर बंध सुटतात आणि पेशी परत गोल होते. पण असं सारखं सारखं झालं की पेशीचं आवरण खराब होतं आणि मग ती वाकडीच राहते. पाणी कमी प्यायलं तर पेशीतलं हिमोग्लोबिन दाट होतं आणि चिकटण्याचं काम लवकर होतं, म्हणून उन्हाळ्यात आम्ही पेशंटच्या मागे लागतो की पाणी प्या, पाणी प्या. हायड्रॉक्सियुरिया गोळी दिली की बाळपणीचं हिमोग्लोबिन वाढतं, ते या दोऱ्यांमध्ये नीट बसत नाही आणि दोरी लांबत नाही.

टेस्ट पण याच्यावरच आहे. छोट्या नळीत द्रावण असतं, त्यात रक्ताचा थेंब टाकायचा. द्रावणातलं एक रसायन पेशी फोडतं, दुसरं, डायथायोनाइट, ऑक्सिजन काढून घेतं. पाच मिनिटांनी नळीच्या मागे काळ्या रेघांचा कागद धरायचा. रेघा स्वच्छ दिसल्या तर सिकल नाही. गढूळ झालं आणि रेघा दिसल्या नाहीत तर सिकल हिमोग्लोबिन आहे, दोऱ्या झाल्यात. पण वाहक (आईबाबांपैकी एकाकडूनच सिकलचा जीन आलेले) आणि पेशंट दोघांचंही गढूळच येतं, म्हणून पुढे इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी करावी लागते. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला ही नळीची टेस्ट चालत नाही. इलेक्ट्रोफोरेसिसमध्ये विजेच्या पट्ट्यावर सिकल हिमोग्लोबिन मागे राहतं, कारण त्याचा निगेटिव्ह चार्ज कमी झालेला असतो. हेच १९४९ मध्ये लायनस पॉलिंग आणि त्याच्या सोबतच्यांनी पहिल्यांदा दाखवलं आणि त्याला रेणूचा आजार म्हटलं, मग १९५७ मध्ये व्हर्नन इन्ग्रमने नेमकं कोणतं अमिनो ॲसिड बदललंय ते शोधलं.

तुमच्या कॉलेजमध्ये टेस्टिंगचा कॅम्प आला तर सगळ्यांनी करून घ्या, लाजू नका. वाहक असणं म्हणजे आजार नाही. फक्त दोघे वाहक असतील तर प्रत्येक वेळी बाळाला आजार व्हायची शक्यता २५ टक्के, हे लग्नाच्या आधी माहीत असलेलं बरं. २०२३ पासून केंद्राचं सिकलसेलचं मिशन चालू आहे, आरोग्य केंद्रात तपासणी फुकट होते.


रानफूल_११वी

ताई, आमच्या गावात पण एका घरात आहे सिकल, पण हे असं आतून कसं होतं ते कोणीच सांगितलं नव्हतं. मी मैत्रिणींना वाचून दाखवणार आहे. एटीपीचं कोणी सांगेल का अजून?


केमिस्ट्री_सर

रानफूल, तुझ्या दोन वह्यांपैकी केमिस्ट्रीची वही बरोबर आहे. बॉन्ड तोडायला नेहमी ऊर्जा द्यावीच लागते, एटीपीलाही यातून सूट नाही. बायोत जे लिहितात ते थोडक्यात लिहायच्या नादात अर्धंच लिहिलं जातं.

एटीपीत तीन फॉस्फेट ओळीने असतात, मध्ये ऑक्सिजनचे पूल. शेवटचा पूल तोडायला ऊर्जा खर्च होते. पण ती क्रिया तिथे संपत नाही, पाण्याचा रेणू येऊन जोडला जातो, नवे बॉन्ड होतात. शिवाय एटीपीवर चार निगेटिव्ह चार्ज एकमेकांना खेटून असतात, वेगळे झाले की ती ओढाताण कमी होते. सुटलेल्या फॉस्फेटमध्ये इलेक्ट्रॉन जास्त मोकळे पसरतात. आणि दोन्ही तुकड्यांभोवती पाणी जास्त चांगलं बसतं. या सगळ्याची बेरीज खर्चापेक्षा जास्त येते, मोलमागे साधारण ३० किलोज्यूल शिल्लक राहतात, प्रत्यक्ष पेशीत ५० च्या आसपास. ती शिल्लक म्हणजे एटीपीची ऊर्जा. एकट्या बॉन्डच्या पोटात ती भरून ठेवलेली नसते. फ्रिट्झ लिपमनने १९४१ मध्ये त्या बॉन्डसाठी नागमोडी रेघ वापरायला सुरुवात केली, ती सोयीची होती म्हणून टिकली, आणि पिढ्यानपिढ्या मुलांना वाटत राहिलं की तो बॉन्ड म्हणजे ताणलेली स्प्रिंग. मला ती रेघ फळ्यावर काढायला आवडत नाही.

आणि पेशीत बहुतेक वेळा एटीपी नुसता पाण्याने तुटतही नाही, फॉस्फेट थेट दुसऱ्या रेणूला दिला जातो. ग्लुकोज पेशीत आला की हेक्सोकायनेज नावाचं एन्झाइम एटीपीचा फॉस्फेट त्याला लावून टाकतं, मग तो ग्लुकोज बाहेर निसटत नाही. आपल्या शरीरात कुठल्याही क्षणी एटीपी थोडासाच असतो पण तो इतक्या वेळा वापरून परत बनवला जातो की दिवसभराची उलाढाल जवळपास आपल्या वजनाएवढी भरते.

माझ्यावर विश्वास ठेवण्यापेक्षा ग्लुकोजचा हिशोब स्वतः कर. ग्लुकोजचा एक रेणू, सहा ऑक्सिजन, त्यातून सहा कार्बन डायऑक्साइड आणि सहा पाणी. ग्लुकोजच्या कड्यात कार्बन-कार्बन ५, कार्बन-ऑक्सिजन ७, कार्बन-हायड्रोजन ७, ऑक्सिजन-हायड्रोजन ५. किमती अनुक्रमे ३४७, ३५८, ४१३ आणि ४६३ धर. ऑक्सिजनच्या रेणूचा दुहेरी बॉन्ड ४९८, कार्बन डायऑक्साइडमधला प्रत्येक दुहेरी बॉन्ड ७९९. आधी सगळे तोड, मग सगळे बनव, आणि फरक काढ.


रानफूल_११वी

केलं सर. तोडायला ९,४४७ ग्लुकोजचे आणि २,९८८ ऑक्सिजनचे, मिळून १२,४३५. बनताना ९,५८८ आणि ५,५५६, मिळून १५,१४४. म्हणजे २,७०९ शिल्लक. बरोबर आहे का? आणि यात ऑक्सिजनचा दुहेरी बॉन्ड असूनही एवढा स्वस्त का आहे? कार्बन डायऑक्साइडचा तर ७९९ आहे.


केमिस्ट्री_सर

बरोबर. प्रयोगात मोजलेला आकडा २,८०० च्या आसपास आहे, आपण सरासरी किमती घेतल्या आणि सगळं वायू धरलं म्हणून थोडा फरक. आणि तू जे शेवटी पकडलंस तेच महत्त्वाचं आहे. ऑक्सिजनचा दुहेरी बॉन्ड दुहेरी असूनही तुलनेने कमजोर आहे, तो तोडायला कमी लागतं, आणि त्याच्या बदल्यात कार्बन आणि हायड्रोजनशी होणारे बॉन्ड खूप मजबूत. जेवणातून मिळणाऱ्या ऊर्जेचा मोठा भाग या फरकातून येतो, म्हणजे श्वासातला ऑक्सिजन हा जेवणाइतकाच इंधनाचा भाग आहे. आता हेच तूप घेऊन कर. कार्बन-हायड्रोजनची लांब साखळी, ऑक्सिजन जवळजवळ नाहीच. ग्रॅममागे ग्लुकोजच्या दुपटीहून जास्त येतं की नाही बघ, आणि आकडेमोड इथेच टाक.